रिकामं होतं, मी पाहिलं होतं

३ मार्च

ताई,

पत्रात आधी खुशाली विचारायची, मग आपलं रडगाणं, असं तूच शिकवलंस. तर तू बरी असशील असं धरून चालते. मी बरी नाही.

फोन करणार होते. पण मी फोन घेतला की सासूबाई नेमक्या भाजी निवडायला शेजारी येऊन बसतात. आणि तुझा आवाज ऐकला की मला रडूच येतं, सांगायचं ते राहूनच जातं. पत्रात रडलं तरी अक्षर पुढे जातं. अक्षराला हसू नकोस, सातवी नापास बाईचं अक्षर आहे.

ऐक. माझ्या हातून एका बाळाचा जीव जाता जाता राहिला. सगळे तसंच म्हणतात. मी नाही म्हणत होते, पण आता मलाही तसंच वाटायला लागलंय.

तुला माहितीये, भोंगा पाच महिन्यांची झाल्यावर मी परत दवाखान्यात कामाला लागले. (नाव ठेवलंय गं चांगलं, पण रडते ती भोंग्यासारखी, म्हणून घरात भोंगाच.) काम सोपं आहे. नवीन बाळ आलं की त्याची आई एक कागद भरून देते. बाळाचं नाव, वजन, कुठल्या औषधाने त्रास होतो ते. तो कागद मी मशिनवर ठेवायचा, मशिन त्याचा फोटो काढतं. संगणकावर हिरव्या अक्षरात 'जागा रिकामी' असं येतं. मग मी 'ठेवा' दाबायचं, की फोटो त्या बाळाच्या फायलीत. पहिल्या खिडकीवर मी, दुसऱ्या खिडकीवर काकू. काकू तिथे वीस वर्षं आहेत.

मागच्या सोमवारी एका बाळाला सुई दिली आणि दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंग लालेलाल. त्याच्या आईने कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, हे औषध चालत नाही म्हणून. पण फायलीत तिचा कागदच नव्हता. दुसऱ्याच बाळाचा कागद होता, आणि त्यावर लिहिलेलं, त्रास काही नाही. डॉक्टरांनी घाईत वरचं नाव वाचलं नाही, खालचं वाचलं.

बाळ वाचलं, ताई. दोन दिवस ठेवून घेतलं आणि घरी सोडलं. पण त्याची आई माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी सांगितलं, मी तिचाच कागद ठेवला होता, 'जागा रिकामी' आलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, मगच दाबलं. मग सगळे जमले. माझ्याकडून दहा वेळा करून घेतलं. दहाही वेळा बरोबर. मशिन बरोबर म्हणजे मी चूक. काकू म्हणाल्या, "अगं, ओली बाळंतीणच आहेस अजून. झोप नाही, ध्यान नाही. उचलला असशील माझ्या टेबलावरून भलताच कागद." प्रेमानेच म्हणाल्या, तेच जास्त लागलं.

घरी हे कळल्यापासून सासूबाई माझ्या मागून फिरतात. मी गॅस बंद केला की त्या जाऊन परत बघतात. आणि आता असं ठरतंय की भोंग्याला थोडे दिवस नणंदेकडे ठेवायचं. हे म्हणतात, "चारच महिने गं. तुला आराम."

ताई, मलाही तुमच्याकडे, मावशीकडे, चारच महिने ठेवलं होतं ना? त्या चार महिन्यांची वीस वर्षं झाली.

मला आईसारखं होतंय का? तिलाही असंच वाटायचं म्हणतात. नसलेलं दिसायचं, असलेलं दिसायचं नाही. तू मोठी आहेस, शिकलेली आहेस, संगणकाचं सगळं जाणतेस. खरं काय ते सांग. मन राखायला काही लिहू नकोस.

तुझी
ठेंगू


१४ मार्च

प्रिय ठेंगू,

तुझं पत्र ऑफिसात आलं आणि मी ते जिन्यात उभं राहून वाचलं. अक्षर छान आहे. 'ध'ला अजून शेंडी जास्त काढतेस.

आधी कामाचं. मी काय काम करते ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तुला वाटतं मी संगणक चालवते. मी उलटं करते. लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम मी न चालवता वाचते. तुझी मावशी, म्हणजे माझी आई, विणकामाचा नमुना नुसता वाचून सांगायची ते आठवतं? शेजारीण कौतुकाने कागद घेऊन यायची आणि आई चष्मा वर करून म्हणायची, "बाई, तुझी डावी बाही आखूड होणार. सहाव्या ओळीत घरं सुटतायत." अजून एक टाका घातलेला नसायचा! शेजारीण रागावून जायची आणि पंधरा दिवसांनी आखूड बाही घेऊन परत यायची. माझं काम तेच. माझ्याकडे एक यंत्र आहे, ते प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ वाचतं आणि म्हणतं, इथे घर सुटू शकतं. मग मी बसून बघते, खरंच सुटतं का.

म्हणून तू वेडी का शहाणी ते नंतर. मला आधी या प्रश्नांची उत्तरं दे, आणि लाजून काही गाळू नकोस.

एक, ज्या बाळाचा कागद चुकून आला, त्या बाळाची आई कुठल्या खिडकीवर होती? दोन, तो कागद तुझ्या हाताला कधी लागला होता का? तीन, त्या दुसऱ्या बाळाच्या स्वतःच्या फायलीत कुठला कागद आहे? चार, दहा वेळा करून घेतलं तेव्हा काकू काय करत होत्या?

शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. पण तोच मला सगळ्यात जास्त हवाय.

आणि भोंग्याला कुठेही पाठवू नकोस. रडून सांग, भांडून सांग, पण पाठवू नकोस.

माझ्या मावशीबद्दल, म्हणजे तुझ्या आईबद्दल, आत्ता नको. ते वेगळं आहे.

काल रात्री पांघरूण अंगावर ओढताना तुझी आठवण आली. माळ्याखालच्या त्या खोलीत आपल्या दोघींत एकच रजई होती, आणि सकाळी ती नेहमी तुझ्याकडे असायची. ठेंगू असून एवढी रजई लागते कशाला, असं मी म्हणायचे. तू म्हणायचीस, "मी झोपेत वाढते."

तुझी
ताई


२२ मार्च

ताई,

'ध'ची शेंडी मुद्दाम काढते. मला आवडते.

उत्तरं. ती दुसरी बाई काकूंच्या खिडकीवर होती. माझ्या खिडकीवर आलीच नाही. कागद माझ्या हाताला लागल्याचं मला आठवत नाही. पण 'आठवत नाही' याला आता माझ्या घरात किंमत नाही. तिच्या बाळाच्या फायलीत तिचाच कागद आहे. म्हणजे तो एकच कागद दोन्ही फायलींत, आणि माझ्या खिडकीवरच्या बाळाचा कागद कुठेच नाही. मशिनवर ठेवलेला खरा कागद मात्र माझ्या ट्रेमध्येच सापडला. मी हे दाखवलं तर म्हणाले, बघ, म्हणजे तो ठेवायचाच राहिला.

आणि मला दहा वेळा करायला लावलं तेव्हा काकू माझ्या मागे उभ्या होत्या. सगळेच उभे होते. त्यांची खिडकी बंद होती.

आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई कडक आहेत पण वाईट नाहीत. मी त्यांना सांगितलं, माझी बहीण प्रोग्रॅम वाचते. त्या म्हणाल्या, "चालवते?" मी म्हटलं, "नाही, नुसती वाचते." त्या हसल्या, पण प्रोग्रॅमवाल्याला बोलावलं. पोरगेलासा माणूस आहे, चष्मा रुमालाने पुसत राहतो. म्हणाला, "शंभर वेळा चालवून बघितलंय, काही नाही त्यात." बाई म्हणाल्या, "मग वाचायला द्यायला काय जातं?" तर तो तुला पाठवणार आहे. तोवर मला खिडकीवरून काढलंय. मी मागच्या खोलीत जुन्या फायलींवरची धूळ पुसते. वाईट काम नाही. जुने कागद, जुनी अक्षरं. एका फायलीत कुणीतरी बाळाच्या पायाचा ठसा जपून ठेवलाय.

पुसता पुसता आपलं घर आठवतं. एक न्हाणीघर आणि माणसं नऊ. काकांचं ते गाणं आठवतं? एकच ओळ, रोज. तू मला पाठवायचीस, बघून ये रिकामं आहे का. मी बघून यायचे, रिकामं. तू टॉवेल घेऊन जाईपर्यंत आतून काकांची ती ओळ. मग मला धपाटा. "खोटं बोलतेस!" ताई, मी खोटं नव्हते बोलत. मी बघितलं तेव्हा रिकामंच असायचं.

आता माझा प्रश्न. आईचा. तू म्हणतेस ते वेगळं आहे. मला नाही वाटत वेगळं. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस, तुला आठवत असेल. आईला खरंच काय झालं होतं? मला एवढंच सांगितलंय की मी दोन महिन्यांची असताना तिला भास व्हायला लागले, मग तिला बरं व्हायला दूर कुठेतरी ठेवलं, आणि बाबा वर्षभरात दुसरा संसार मांडून मोकळे झाले. पुढे ती परत आली पण मला न्यायला आली नाही.

आता ती लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत राहते, लोकांच्या शर्टांना बटणं लावते. भोंगा झाली तेव्हा बघायला आली होती. दारात उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मी म्हटलं, घे ना. तर म्हणाली, "नको. मी बघते इथूनच." पाच मिनिटं बघितलं आणि गेली. मला तेव्हा राग आला होता. आता भीती वाटते, मीपण एक दिवस अशीच हात मागे बांधून उभी राहीन का?

सांग ना गं.

ठेंगू


६ एप्रिल

प्रिय ठेंगू,

घाईत आहे. प्रोग्रॅम आला. माणूस प्रामाणिक आहे, सगळं पाठवलंय, अगदी स्वतःला लिहून ठेवलेल्या शिव्यांसकट. यंत्राला वाचायला लावलाय. मला वेळ दे.

तुझ्या न्हाणीघराच्या गोष्टीने मी चमकले. तू बोलता बोलता नेमक्या जागी बोट ठेवलंयस, पण खात्री झाल्याशिवाय बोलत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले होते. दोन कागद फाडले.

ताई


२४ एप्रिल

ताई,

अठरा दिवस झाले. तू दोन कागद फाडलेस असं लिहिलंस त्याचा अर्थ मला कळला. तुला वाचून कळलंय की प्रोग्रॅममध्ये काही नाही, आणि मला कसं सांगावं ते सुचत नाही. तू लहानपणीपण अशीच होतीस. वाईट बातमी असली की गप्प. मी सातवीत नापास झाले तेव्हा निकाल तू आणलास आणि संध्याकाळपर्यंत मला हसवत बसलीस.

मग मीच सांगते. काल मी दूध तापत ठेवलं आणि विसरले. उतू गेलं. एवढंच. कुणाचं जात नाही? पण सासूबाई धावत आल्या, आणि हे उठून आले, आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मला नको झालंय. सासूबाई दुष्ट नाहीत गं. माझ्या डोक्याला तेल लावून देतात. तेल लावता लावता म्हणाल्या, "हे बघ, लेकरू सगळ्यांचंच असतं. जीव घाबरा झाला की माणसाने थोडं बाजूला व्हावं." मी म्हटलं, "बाजूला झालेलं माणूस परत कुणी आत घेतं का?" त्यांनी वेणी घट्ट घातली.

नणंद दहा मेला येणार. भोंग्याचे कपडे एका पिशवीत काढून झालेत.

मी आता सगळं दोनदा बघते. दार लावलं का. पाळण्यात आहे का. आहे. वळते, आणि वाटतं, खरंच होती का? परत बघते. कालपासून मोजतेय, एका दुपारी एकतीस वेळा. ताई, हे शहाण्या माणसाचं लक्षण नाही, एवढं मलापण कळतं.

काहीही असलं तरी लिही. गप्प बसू नकोस.

ठेंगू


२९ एप्रिल

ठेंगू,

शांतपणे वाच. भोंगा झोपल्यावर वाच. आणि शेवटपर्यंत वाच, मध्येच फाडू नकोस.

तू वेडी नाहीस. चूक सापडली. डॉक्टरीणबाईंना सगळं वेगळं लिहून पाठवलंय, पण तुला तुझ्या भाषेत सांगते.

तुमच्या दोन्ही खिडक्यांना संगणकात एकच ट्रे आहे. कागदाचा फोटो आधी त्या ट्रेमध्ये पडतो, मग तिथून उचलून बाळाच्या फायलीत जातो. प्रोग्रॅम आधी बघतो, ट्रे रिकामा आहे का? रिकामा असला की हिरवं दाखवतो. मग फोटो ठेवतो. मग उचलतो. बघणं आणि ठेवणं यांच्यात एक फट आहे, तुझ्या टिचकीहून लहान. त्या सोमवारी तू बघितलंस, रिकामं. त्याच क्षणी काकूंनी बघितलं, त्यांनाही रिकामं. तू तुझा फोटो ठेवलास. वर काकूंचा येऊन पडला आणि तुझा पुसला गेला. दोघींच्या फायलींत काकूंचाच गेला. तू बघितलंस ते खरं होतं. काकूंनी बघितलं तेही खरं होतं. दोघींचं खरं, आणि तरी बाळ सुजलं.

दहा वेळा करून दाखवलंस तेव्हा का चुकलं नाही? कारण काकू तुझ्या मागे उभ्या होत्या. त्यांची खिडकी बंद होती. तू एकटीने शंभर वेळा केलंस तरी ते बरोबरच येणार.

माझ्या यंत्राने पहिल्याच दिवशी हे दाखवलं होतं. दोनशे बारा सूचनांमधली एकशे शहाण्णवावी. त्या प्रोग्रॅमवाल्याकडेही असं यंत्र होतं, पण फार सूचना येतात म्हणून त्याने ते बंद करून ठेवलं होतं. त्याला फार बोलू नका. सगळेच तसं करतात. उपाय सोपा आहे. आधी बघायचं आणि मग ठेवायचं, असं नाही. सरळ आत शिरून कडी लावायची. कडी लागली तर जागा तुझी. नाही लागली तर आत कुणीतरी आहे, थांब. आपल्या न्हाणीघरासारखं. काका कधी बघून जायचे नाहीत. टॉवेल खांद्यावर टाकूनच जायचे.

हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मग मी तीन आठवडे का गप्प बसले? तो प्रोग्रॅमचा दोष नाही. तो माझा.

तुझी आई बाळंतपणाला आमच्याकडे आली होती, वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत. मागच्या अंगाला अरुंद जिना होता, तो अंगणात उतरायचा. मी नऊ वर्षांची. शाळेत मी सांगितलं, आमच्याकडे खरंखुरं बाळ आलंय. एक मुलगी म्हणाली, "थापा." मला ते लागलं. दुपारी तुझी आई तुला निजवून खाली गरम पाणी आणायला गेली. मी बघत होते. ती पुढच्या जिन्याने खाली गेली, मी तुला उचललं आणि मागच्या जिन्याने उतरून फाटकाशी नेलं. पोरींना दाखवलं. तू हसलीस. परत वर येते तो पुढच्या बाजूने किंकाळी. तुझी आई खाली धावत गेली होती, "बाळ नाही, बाळ पाळण्यात नाही!" मी तुला पाळण्यात ठेवलं आणि रजईत तोंड खुपसून पडले. सगळे वर आले. तू पाळण्यात. झोपलेली.

माझी आई म्हणाली, "अगं, इथेच तर आहे." तुझी आई म्हणाली, "आत्ता नव्हतं. रिकामा होता. मी पाहिलं."

ठेंगू, मी त्यानंतर आणखी दोनदा नेलं तुला. त्याच आठवड्यात. कारण बाकीच्या पोरींनाही बघायचं होतं, आणि मला मोठं झाल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या वेळेनंतर तुझी आई पाळण्याजवळून हलेना. जेवायला उठेना. कुणी जवळ आलं की हात उगारायची. तुला चादरीने छातीशी बांधून बसायची. मग डॉक्टर आले, गोळ्या आल्या, गाडी आली.

गाडीत बसताना ती एकच वाक्य म्हणत होती. ते मी लिहीत नाही. तुला माहिती आहे ते, तू स्वतःच पहिल्या पत्रात लिहिलंयस.

मी आधी भीतीने बोलले नाही. मग तू आमच्याकडे राहिलीस, माझ्या रजईत झोपायला लागलीस, आणि मग मला बोलायचंच नव्हतं. सांगितलं असतं तर तुला नेलं असतं. हे मी कधी स्वतःलाही म्हटलं नव्हतं. आज लिहिलं. माझी आई वारली तेव्हा सांगावं असं वाटलं होतं, तेव्हाही नाही जमलं.

मी आयुष्यभर लोकांच्या फटी शोधत बसले.

तुझ्या आईने चुकीचं पाहिलं नव्हतं. तूही नाही पाहिलंस.

ताई


७ मे

ताई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. फाडलं नाही.

आत्ता काही लिहिता येत नाही. लिहिलं तर शिव्या येतील, आणि तूच शिकवलेल्या अक्षरात तुला शिव्या कशा देऊ?

ठेंगू


२ जून

ताई,

आज सांगते. जमेल तेवढं.

आधी दवाखान्याचं. डॉक्टरीणबाईंनी तुझा कागद चार वेळा वाचला. मग काकूंना म्हणाल्या, तुमच्या खिडकीवर बसा. मला म्हणाल्या, तू तुझ्या. प्रोग्रॅमवाला मध्ये उभा राहून मोजायला लागला, एक दोन तीन, की दोघींनी एकदम दाबायचं. पहिल्या आठ वेळा काही झालं नाही. नवव्या वेळी काकू ओरडल्या, "अगं बाई, हा तर माझा कागद तुझ्यात!" चाळीस वेळा केलं, अकरा वेळा चुकलं. प्रोग्रॅमवाला खाली बसला. जमिनीवरच. काकूंनी त्याला पाणी दिलं आणि माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "मी तुला ओली बाळंतीण म्हटलं. मारायची तर मार." मी म्हटलं, "काकू, चुकलंय तुमच्याही खिडकीवर. तुम्हाला कुणी काही म्हटलं नाही एवढंच." त्या मोठ्याने हसल्या. मग रडल्या.

ज्या बाळाला त्रास झाला त्याच्या आईला बाईंनी बोलावून सगळं सांगितलं, माझ्यासमोर. तिने माझा हात हातात घेतला. ती बोलतच नाही बहुतेक.

नणंद यायच्या आदल्याच दिवशी घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" असा राग आला ताई! म्हटलं, "सांगितलं होतं. रोज सांगत होते." मग हे उठले, पिशवीतले कपडे एकेक करून परत फडताळात ठेवले. घड्या चुकीच्या घातल्या, मी तशाच राहू दिल्या. सासूबाई म्हणाल्या, "माझं चुकलं असं मी काही म्हणणार नाही. पण उद्यापासून गॅस तूच बघ." त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप.

आता दुसरं.

मी आईकडे गेले. भोंग्याला घेऊन, एकटी. आई बटणं लावत बसली होती, मांडीवर कुणाचातरी पांढरा शर्ट. तिला सगळं सांगितलं. तुझं पत्र वाचून दाखवलं. वाचता येतं तिला, पण चष्मा सापडेना.

तिने सुई खाली ठेवली नाही. वाचून झालं तरी टाके घालतच होती. मग म्हणाली, "किती वेळा नेलं म्हणते?"

"तीन."

"मी चार वेळा पाहिलं रिकामं."

म्हणजे एकदा खरंच भास? का तू विसरलीस? तिनेच माझं तोंड बघून सांगितलं, "एकदा माझं चुकलं असेल गं. तीन वेळा खरं निघाल्यावर चौथ्यांदा कुणाचंही चुकेल." आणि दोरा दाताने तोडला. एवढ्या सहज! जशी काही कुणा दुसरीची गोष्ट.

मग विचारलं, मला परत न्यायला का नाही आलीस? म्हणाली, "आले होते. तू अंगणात खेळत होतीस त्या पोरीबरोबर, तिच्या पाठीवर बसून. हसत होतीस. मी म्हटलं, मी हिला घेईन, आणि एखाद्या दिवशी मला ही दिसणार नाही, मग?"

ती पोर म्हणजे तू. तुझ्या पाठीवर मी बसायचे, तू घोडा व्हायचीस, अंगणाला तीन फेऱ्या. माझ्या लहानपणातलं सगळ्यात चांगलं तेच आहे, ताई. तेच. आता ते आठवलं की त्यात आईपण फाटकाशी उभी दिसते. हे तू माझं काय करून ठेवलंस?

आई म्हणते, नऊ वर्षांचं लेकरू होतं, त्याला काय कळतं. मी म्हटलं, नऊची होती. मग एकोणीसची पण होती. एकोणतीसची पण होती. आई म्हणाली, "हो. ते तू तिला विचार. माझं नऊपर्यंतचं माफ." बाकीचं माझ्यावर टाकलंय तिने. मी अजून ठरवलेलं नाही. खोटं कशाला लिहू?

निघायच्या वेळेला भोंग्याने भोंगा काढला. आई उठली, हात परत पाठीमागे जायला लागले. मी तिच्या हातात दिलीच. विचारलं नाही. आईने तिला अंगाशी धरलं, भोंगा एकदम गप्प, तिच्या गळ्यातल्या मोजायच्या टेपशी खेळायला लागली.

मी म्हटलं, "मी खालून येते जरा. दहा मिनिटं."

आई घाबरली. "अगं, नको. मी एकटी?"

"दहाच मिनिटं."

खाली लॉन्ड्रीत गरम वाफ, साबणाचा वास. मी कपड्यांच्या गाठोड्यांजवळ उभी राहिले. वर जिन्याचं दार उघडं होतं. बोळात जाऊन दोन पायऱ्या चढून मान वाकडी केली असती तर पाळत ठेवता आली असती. पाय उचलला होता. परत खाली ठेवला. लॉन्ड्रीवाला म्हणाला, "काय हवंय ताई?" मी म्हटलं, "काही नाही, उभी आहे." पूर्ण दहा मिनिटं उभी राहिले. वरून काहीही आवाज नाही. एकदाही बघितलं नाही.

तिने तुला बोलावलंय. पुढच्या महिन्यात तुला सुट्टी असते, ये. मी पण असेन. मी काय बोलेन ते मला माहीत नाही. ऐकून घे. लॉन्ड्रीच्या डाव्या अंगाला बोळ आहे, तिथून बावीस पायऱ्या. कठडा नाही. भिंतीला धरून चढ.

ठेंगू